पांझरेकाठचे फड आणि हवामानाचे शिक्षण

हवामानबदलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याला आधी किनारा आठवतो. ते साहजिकही आहे. वादळे तिथे धडकतात, खारे पाणी तिथल्या विहिरींत शिरते, मासळीचा हंगाम तिथे पुढेमागे होतो. २०१८ साली ग्रीन क्लायमेट फंडाने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या राज्यांच्या किनारी वस्त्यांसाठी एक मोठा प्रकल्प मंजूर केला तो याच काळजीपोटी. त्याच्याही आधी, १९९१ साली, सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत शिकवलाच पाहिजे असा आदेश दिला होता. तेव्हापासून पुस्तके निघाली, भित्तिचित्रे लागली, कार्यशाळा झाल्या. या खटाटोपामागे बहुतेक वेळा एक गृहीतक असते: लोकांना माहिती नाही, ती दिली की ते वेगळे वागू लागतील. हे गृहीतक तपासून पाहायचे तर किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, धुळे-जळगावच्या खानदेशात यावे. इथल्या पांझरा नदीच्या काठी तीनेकशे वर्षे तरी एक व्यवस्था चालली. तिने शेतकऱ्याला लहरी पावसाशी जुळवून घ्यायला शिकवले. त्यासाठी तिच्याकडे पुस्तक नव्हते. शिकणाऱ्याच्या हाती निर्णय होता आणि त्या निर्णयाची किंमतही त्यालाच मोजावी लागत होती. निर्णय हातून गेला तेव्हा शिक्षणही गेले, असे या व्यवस्थेचा इतिहास सांगतो.

पांझरा पिंपळनेरच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, साक्री आणि धुळे तालुक्यांतून पूर्वेकडे येते, मग उत्तरेला वळून शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. तिचे डोके सह्याद्रीच्या पावसात आणि अंग पर्जन्यछायेत. वर डोंगरात नदी दुथडी भरते तेव्हा खाली धुळ्याच्या शिवारात कपाशी पावसाची वाट पाहत उभी असते. धुळ्याकडचा वर्षाचा पाऊस सरासरीने सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, पण इथे सरासरीवर भरवसा ठेवून कोणी पेरणी करत नाही. एका वर्षी त्याच्या निम्मा पडतो, दुसऱ्या वर्षी आठवडाभरात निम्मा कोसळतो. खाली काळा कातळ. धुळे-नंदुरबारचा पट्टा भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे तो बेसाल्टच्या उभ्या भिंतींसाठी, म्हणजे डाइकसाठी. मैलोन्‌मैल पसरलेल्या या दगडी भिंती जमिनीतले पाणी अडवतात आणि वळवतात, पण असा खडक पोटात पाणी फारसे साठवत नाही. तेव्हा वाहते पाणी वाहत आहे तोवरच वापरायचे, हाच शहाणपणाचा मार्ग होता. पांझरेवर, तिच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम नद्यांवर एकाखाली एक असे बंधारे उभे राहिले ते या गरजेतून. त्यांच्या पाण्यावर जी शेती चालली ती फड पद्धती.

बंधारा म्हणजे धरण नव्हे. तो पाणी साठवत नाही, नदीची पातळी जरा उचलतो आणि पाणी बाजूच्या कालव्यात वळवतो. कालव्याची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत. त्यातून सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर पाणी वाहू शके. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग. जास्तीचे पाणी सांडव्याने पुन्हा नदीत, म्हणजे खालच्या गावच्या बंधाऱ्यात. भिजणाऱ्या जमिनीला कायम बागायत म्हणत. तिचे सहसा चार तुकडे केलेले असत आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशेचा. नियम असा की एका फडात एका हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, चौथा कदाचित पडीक. पुढच्या वर्षी पाळी फिरे. जमीन ज्याची त्याची, सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर, पण त्या जमिनीत यंदा काय पेरायचे हे मालक एकट्याने ठरवू शकत नसे. ते गावातले बागायतदार आणि त्यांचे पंच मिळून ठरवत.

पाणी देण्याची रीत तर आजच्या शेतकऱ्याला अचंबा वाटावा अशी. पाणी मालक देत नसे, बारेकरी देत असे. फडाच्या एका टोकाला त्याने बारे धरले की एकामागून एक वाफा भरत तो दुसऱ्या टोकाला जाई. हातात फावडे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. सारंगाचा काठ फोडायचा, पाणी वाफ्यात सोडायचे, ते दुसऱ्या काठाला टेकले की फावडेभर चिखल लावून तोंड बंद करायचे आणि पुढच्या शेताकडे वळायचे. मालक पाटलाचा भाऊ आहे की दोन एकरांचा कुणबी आहे, याने त्याच्या कामाचा क्रम बदलत नसे. निदान बदलू नये अशी रीत होती. मुख्य कालव्यावर पाटकरी असे. गळती बुजवणे, गाळ निघतो की नाही पाहणे, पाण्याचा ओघ सांभाळणे हे त्याचे काम. उभे पीक राखायला जागल्या. या सगळ्यांचा मोबदला पिकातून, धान्याच्या रूपाने. पाऊसकाळानंतर कालव्याचा गाळ काढायचा तर ज्याची जमीन जितकी तितका त्याचा वाटा. फडात पीक सगळीकडे एकच असल्याने पाण्याची गरजही एकाच वेळी भासे, त्यामुळे कोणाला आज पाणी हवे आणि कोणाला आठवड्याने, हा तंटाच उरत नसे. अभियंत्याला हे आखायला सांगितले तर तो गणिताने याच उत्तरावर येईल. इथे ते वहिवाटीने आले.

आता हे शिक्षण कसे, ते पाहू. पावसाळा सरता सरता नदीला पाणी किती आहे हे गावाला दिसे, आणि त्यावरून यंदा किती फड भिजवायचे हे ठरे. पाणी कमी दिसले तर उसाचा फड आटे किंवा एखादा फड कोरडाच राहू दिला जाई. म्हणजे गाव दरवर्षी एकदा आपल्या पाण्याचा अंदाज बांधत होते, त्या अंदाजावर पीक ठरवत होते आणि उन्हाळ्यापर्यंत तो अंदाज बरोबर की चूक हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होते. चुकला तर नुकसान एकट्याच्या बोकांडी बसत नसे, कारण अनेकांच्या जमिनी एकाहून अधिक फडांत विखुरलेल्या असत आणि फडांची पाळीही फिरत असे. तरुण शेतकरी हे सगळे बापाबरोबर बैठकीला बसून, गाळ काढायला जाऊन शिकत होता. आजच्या हवामान-प्रशिक्षणात ज्याला अनिश्चिततेत निर्णय घेणे म्हणतात आणि दोन दिवसांच्या शिबिरात सरकचित्रांवरून शिकवतात, तेच हे. फरक इतकाच की शिबिर संपल्यावर शेतकरी घरी जातो तेव्हा त्याच्या हाती ठरवण्यासारखे काही नसते. पाणी खाते सोडते, भाव बाजार ठरवतो, बियाणे दुकानदार सुचवतो. आपण ज्याबद्दल काही करू शकत नाही त्याची माहिती माणूस ऐकून घेतो आणि सोडून देतो. यात अडाणीपणा काही नाही.

ही व्यवस्था अनादी काळापासून अखंड चालत आली, असे मात्र मानू नये. बंधाऱ्यांचा नेमका काळ ठरवणे कठीण आहे. अभ्यासक तीन-चारशे वर्षे मागे जातात. लोकपरंपरा त्यांचा संबंध मुसलमानी अमदानीशी जोडते. थाळनेर आणि बऱ्हाणपूरहून खानदेशावर राज्य करणारे फारुकी १३८२ पासून १६०१ पर्यंत होते, त्या वर्षी अकबराने असीरगड घेतला आणि त्यांची सत्ता संपली. पण आपल्या मुद्द्यासाठी उगमापेक्षा मधला खंड महत्त्वाचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि विशेषतः १८०३-०४ च्या लष्करी धुमाकुळात व दुष्काळात खानदेश ओस पडला. १८१८ साली इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि त्यांचा अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला आला तेव्हा गावेच्या गावे मोडलेली आणि झाडोऱ्याने गिळलेली होती. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली १८८० साली निघालेले खानदेश गॅझेटियर चाळले तर जिल्ह्याच्या पश्चिम भागात जुन्या, फुटक्या बंधाऱ्यांचे अवशेष किती ठिकाणी होते ते दिसते. दगड जागेवर होते, माणसे नव्हती. माणसे परत आली तिथे बंधारे दुरुस्त झाले, फड पुन्हा सुरू झाले. म्हणजे ही पद्धती एकदा मोडली आणि पुन्हा उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांना कोणी पुस्तक दिले नव्हते. बांधकामापेक्षा ते चालवण्याची रीत अधिक टिकाऊ निघाली, हा या इतिहासातला सगळ्यात उद्बोधक भाग. पुरातही तेच. १८७२ साली गिरणा आणि पांझरेला आलेल्या महापुराने नदीकाठ धुऊन काढले, तरी पांझरेकाठची फडशेती त्यानंतर शंभर वर्षे चालू राहिली.

इंग्रजी अमलात फडांचे काय झाले, याबद्दल आपल्याकडे दोन ठोकळेबाज मते आहेत. एक म्हणजे परक्यांनी आपली ग्रामव्यवस्था मोडली, दुसरे म्हणजे त्यांनी अंधारात दिवा लावला. पुरावा दोघांनाही पुरेसा साथ देत नाही. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा मुख्यतः सरकारी कालव्यांसाठी होता. गावाच्या बंधाऱ्यावर अधिकाऱ्यांनी नोंदी केल्या, कुठे दुरुस्तीला मदत केली, पण पंच आणि पाटकरी यांच्या कामात फारसा हात घातला नाही. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस हवा होता आणि खानदेश म्हणजे कापूस. रेल्वे भुसावळला पोचली, जळगावच्या बाजूच्या काळ्या मातीत कपाशीने धान्याची जागा खाल्ली. गिरणेवर चाळीसगाव तालुक्यात जामद्याचा बंधारा आणि त्याचे कालवे सरकारी कामात आले. तिथे पाणी सोडणारा खात्याचा माणूस, घेणारा शेतकरी, आणि मध्ये पाणीपट्टी. कालवेखाते शेतकऱ्याशी कसे वागते याचा राग महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये व्यक्त केला आहे. त्याच ग्रंथात डोंगराळ भागात बंधारे-ताली घालून पाणी मुरवण्याचा आग्रहही आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेकडे, आजच्या धुळ्यात, फड राहिले. पूर्वेकडे, आजच्या जळगावात, विहीर आणि बाजार यांची शेती वाढली. एकाच मुलखाने पाण्याशी वागण्याच्या दोन रीती अशा शेजारी-शेजारी जोपासल्या.

फडांना खरा धक्का बसला तो स्वराज्यात, आणि तोही चांगल्या हेतूने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांझरा खोऱ्याच्या वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव, जामखेडी असे प्रकल्प झाले, अलीकडे साक्री तालुक्यात अक्कलपाडा धरण उभे राहिले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला त्यांनी धरण मागावे यात चूक काही नव्हते. पण वर पाणी अडले की खाली नदीचा स्वाभाविक प्रवाह संपतो. बंधाऱ्यात पाणी येईल ते आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी, सुटेल तेव्हा, आणि आवर्तन केव्हा सुटेल ते पंच सांगू शकत नाहीत. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने नद्या-कालव्यांवर सरकारचा हात आणखी पक्का झाला. त्याच काळात गावोगाव वीज आली, विहिरीवर मोटार बसली. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला बारेकऱ्याची वाट पाहायचे कारण उरले नाही, फडाच्या पिकाचे बंधनही नको झाले. एकाने गव्हाच्या फडात कांदा लावला, दुसऱ्याने ऊस ठेवला. पाण्याच्या वेळा जमेनात. बारेकऱ्याला धान्य द्यायला लोक कुरकुरू लागले, आणि पोटाला मिळेना तेव्हा त्याच्या मुलाने दुसरे काम धरले. बंधारे आजही उभे आहेत, काही ठिकाणी कालव्याला पाणी येते, फडाची नावे लोकांच्या तोंडी आहेत. वार्षिक अंदाज बांधणारी बैठक मात्र बहुतेक ठिकाणी बंद पडली. मला विचाराल तर नुकसान झाले ते तिथे. पाणी कमी झाले हे खरे, पण ते मोजण्याची गावाची सवय गेली, ती परत मिळवणे जास्त अवघड आहे.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो टाळता येणार नाही. फडाच्या बैठकीत जमीनवाले बसत. ज्याला जमीन नाही त्याला मत नाही. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. अशा सालदाराने, भिल्ल मजुराने, महारवाड्यातल्या माणसाने फडात चिखल तुडवला, पण कोणता फड भिजवायचा हे त्याला कोणी विचारले नाही. बायकांना तर नाहीच. फडात समता होती ती बागायतदारांपुरती, आणि जी व्यवस्था पाण्याची विषमता कमी करत होती तीच जमिनीची विषमता गृहीत धरत होती. हे मान्य करूनही मुद्दा पडत नाही. फड पुन्हा जसेच्या तसे उभे करा असे म्हणणाऱ्याला हा आक्षेप लागू पडतो. इथे दावा एवढाच आहे की ज्यांच्या हाती निर्णय होता ते शिकले. ज्यांच्या हाती नव्हता त्यांना फडानेही काही शिकवले नाही, फक्त राबवले. म्हणजे हा आक्षेप नीट पाहिला तर माझ्याच बाजूने बोलतो. बैठकीत कोणाला बसवायचे हा प्रश्न सोडवा, बैठकच नको असे म्हणू नका.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. फडांनी शिकवला तो जुना पाऊस. लहरी होता तरी त्याची लहर ओळखीची होती. आताचे हवामान त्या ओळखीच्या बाहेर चालले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभा गहू आडवा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर येऊन धुळे शहरातले पूल पाण्याखाली गेले, तेव्हा वरच्या धरणातून विसर्ग चालू होता. असल्या काळात आजोबांचे शहाणपण काय कामाचे? आक्षेप निम्मा बरोबर आहे. फडांतून मिळालेले ठोकताळे, म्हणजे अमुक नक्षत्रात इतके पाणी, आता भरवशाचे राहिले नाहीत. तिथे वेधशाळेचा अंदाज, धरणातल्या साठ्याचे आकडे, मातीतल्या ओलाव्याचे मोजमाप लागेल, आणि ते विज्ञानच देईल. पण फडाचे मर्म ठोकताळ्यांत नव्हतेच. पाण्याचा अंदाज दरवर्षी नव्याने बांधायचा आणि त्याप्रमाणे पीक बदलायचे, या कामात ते होते. हवामान जितके बेभरवशाचे तितके हे काम अधिक गरजेचे. अंदाज वेधशाळेकडून आला म्हणून निर्णयही वरूनच यावा, असे कुठे ठरले आहे?

तिसरा आक्षेप बाजाराचा. आजचा शेतकरी गावाच्या बैठकीला विचारून पीक घेणार नाही, आणि का घ्यावे? कायदाही त्याच्या बाजूने आहे. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची आणि त्या पाण्यात हवे ते पीक घेण्याची मुभा दिली. फड पद्धतीच्या मुळाशी याच्या नेमके उलट तत्त्व होते. कायदा करणाऱ्यांनी पाण्याचा वाटा सामूहिक केला आणि पिकाचा निर्णय एकट्याचा ठेवला. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, पण त्याची किंमत काय ते जळगावकडे पाहिले की कळते. रावेर-यावलच्या केळीने शेतकऱ्याला पैसा दिला, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पाणी वाचवणाऱ्या ठिबकाचा उद्योग जळगावातूनच देशभर पसरला. तरीही त्याच तालुक्यांत भूजल खोल खोल गेले. प्रत्येकाने आपापल्या शेतात पाणी वाचवले आणि वाचलेल्या पाण्यावर बाग वाढवली. एकट्याचा हिशेब बरोबर आला, सगळ्यांचा मिळून चुकला. शेतकऱ्यांना भूजल खालावल्याची माहिती नव्हती का? होती, दर दोन-तीन वर्षांनी बोअर खोल करणाऱ्याइतकी ती कोणाला असणार! त्या माहितीवरून मिळून काही ठरवण्याची जागा नव्हती. ती असली की बाजारातही जमते, हे अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने दाखवले आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे गावाने ठरवले, आणि दरवर्षी पावसाचे पाणी मोजून पिकांचा बेत होतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तीच गोष्ट जंगलाबाबत केली. नियम गावाने केले, राखणही गावाची, दंडही गावाचा. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

आता किनाऱ्याकडे वळतो. खानदेशाचा किनाऱ्याशी संबंध नाही असे नाही. पांझरा तापीत जाते, तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने सुरत बुडाली ते पाणी याच खोऱ्यात पडले होते. पण साम्य अधिक खोल आहे. कोकणात खाडीकाठच्या खारजमिनी बांध घालून भातासाठी मिळवल्या गेल्या. जुन्या कुलाबा जिल्ह्यात हे बांध घालण्याची आणि राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे, त्याबद्दल कुळांकडून त्याला धान्य मिळे. उधाणाची भरती बांधाच्या कुठल्या कोपऱ्याला लागते, खांड (भगदाड) कुठे पडते, उघडीचे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेचे, दार केव्हा लावायचे, हे ज्ञान त्या कामात होते. तिथेही अन्याय होताच. खोतांच्या जाचाविरुद्ध चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. खोती गेली, ते योग्यच झाले. मात्र १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारभूमी कायद्याने बांध हळूहळू सरकारी योजनेचा भाग झाले. कसणाऱ्याला जमीन मिळाली, बांधाचा निर्णय खात्याकडे गेला. आज बांध फुटला की गाव अर्ज करते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा इशारा आधी मिळाला होता आणि त्याने जीव वाचले, हे माहितीचे यश निर्विवाद आहे. पण समुद्राची पातळी वाढत असताना कोणता बांध उंच करायचा, कोणती जमीन कांदळवनाला सोडायची, हे इशाऱ्याने ठरत नाही. ते ठरवायला पांझरेकाठी होती तशी बैठक लागते, आणि तिच्यात यावेळी कुळे, कोळी आणि बायकाही हव्यात.

हे सारे दूरचे वाटत असेल तर सुरुवात धुळ्यातच करता येईल. राज्यात १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून रब्बीच्या पाण्याचे नियोजन होते आणि कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. साठ्याचा तोच आकडा पांझरेवरच्या प्रत्येक बंधाऱ्याच्या गावाला त्याच दिवशी मिळाला पाहिजे, ग्रामसभेसमोर मांडला गेला पाहिजे आणि गावाने ठरवलेला पिकांचा बेत आवर्तनाच्या आखणीत धरला गेला पाहिजे. जिल्हा परिषद शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांना पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी त्या सभेत बसवावे, तो बेत वहीत लिहून घ्यायला सांगावा आणि मार्चमध्ये कालव्यावर नेऊन तो कितपत खरा ठरला हे तपासायला लावावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पाठ्यपुस्तकही लागत नाही. खात्याने ठरवण्याच्या अधिकारातला थोडा वाटा गावाला परत द्यावा लागेल, आणि आजवर ते झालेले नाही.